अनोळखी शहरात सार्वजनिक वाहतुकीने फिरताना: नकाशाआधी गाड्यांची वारंवारिता पाहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: परदेशातील एका मोठ्या शहरात पाच दिवस राहायचे आहे, बरोबर सत्तरी ओलांडलेले वडील आहेत, तेथील भाषा येत नाही, आणि तरीही टॅक्सीवर फारसे अवलंबून न राहता मेट्रो, बस व ट्रामने फिरायचे आहे. त्यासाठी निघण्यापूर्वी काय ठरवावे, पास घ्यावा की प्रत्येक वेळी तिकीट काढावे, आणि फसगत नेमकी कोठे होते? शहराचे नाव आपण दिलेले नाही, म्हणून कोणत्याही शहरास लागू पडेल असे उत्तर देतो आणि उदाहरणे निरनिराळ्या शहरांची घेतो. वेळापत्रके आणि बसमार्ग आखण्याच्या कामात बरीच वर्षे गेल्यामुळे एक गोष्ट सातत्याने दिसत आली आहे. पाहुणे मार्गांच्या नकाशाचा अभ्यास फार करतात. गाडी दर किती मिनिटांनी येते, याची चौकशी मात्र क्वचितच करतात. पाच दिवसांचा प्रवास सुखाचा होतो की वैतागाचा, हे बहुतांशी या दुसऱ्या गोष्टीवर ठरते.

नकाशावर दर दहा मिनिटांनी गाडी असणाऱ्या मार्गाची रेघ आणि तासाला एक फेरी असणाऱ्या मार्गाची रेघ बहुधा सारख्याच जाडीची असते. प्रत्यक्षात मात्र त्या दोन वेगळ्या सोयी आहेत. गाड्या समान अंतराने येत असतील आणि आपण वेळापत्रक न पाहता थांब्यावर पोहोचत असू, तर सरासरी निम्म्या अंतराइतके थांबावे लागते: सहा मिनिटांनी येणाऱ्या गाडीसाठी तीन मिनिटे, अर्ध्या तासाने येणाऱ्या गाडीसाठी पंधरा. वाटेत गाडी बदलायची असेल तर ही प्रतीक्षा पुन्हा एकदा सोसावी लागते. शिवाय रहदारीत अडकलेल्या बस एकामागोमाग घोळक्याने येतात आणि मग मोठा खंड पडतो, त्यामुळे खरी प्रतीक्षा या हिशेबाहून थोडी अधिकच निघते. स्थानिक माणसाला आपल्या बसची वेळ पाठ असते, म्हणून तो विरळ मार्गावरही निभावून नेतो. पाहुण्याचा दिवस ठरलेल्या वेळेनुसार चालत नाही. एखाद्या वस्तुसंग्रहालयात तासभर जास्त जातो किंवा पाऊस येतो. म्हणून दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर गाडी येणारे मार्ग हेच आपले शहर, असे धरून चालावे. बाकीचे मार्ग असले तर उपयोगी पडतील, पण त्यांच्यावर दिवसाचा बेत बेतू नये.

याचा पहिला परिणाम मुक्कामाच्या जागेवर होतो, आणि हा निर्णय घरूनच घ्यावा लागतो. मध्यवर्ती भागातले महागडे हॉटेल आणि दूरच्या उपनगरातले स्वस्त हॉटेल एवढेच दोन पर्याय नसतात. केंद्रापासून पंधरावीस मिनिटांवर असलेल्या, पण वारंवार धावणाऱ्या मेट्रोच्या स्थानकापासून पाच-सात मिनिटे चालण्याच्या अंतरावरची जागा बहुतेक वेळा सर्वांत सोयीची ठरते. हॉटेलच्या जाहिरातीत ‘स्थानकाजवळ’ एवढेच लिहिलेले असेल तर ते स्थानक कोणत्या सेवेचे आहे ते पाहावे, कारण उपनगरी रेल्वेच्या स्थानकावर दुपारी किंवा रविवारी अर्ध्या तासाने गाडी असू शकते. मार्ग सुचविणाऱ्या ॲपमध्ये त्या स्थानकापासून केंद्रापर्यंतचा प्रवास तीन वेळांसाठी तपासून पाहावा: कामाच्या दिवशी सकाळी, रविवारी दुपारी आणि रात्री अकरा वाजता. तिन्ही वेळी पुढची गाडी दहा मिनिटांच्या आत दिसत असेल तर जागा चांगली समजावी. शक्य झाल्यास एकाच लाइनवर नव्हे तर दोन लाइन मिळतात अशा स्थानकाजवळ राहावे. एक बंद पडली तर दुसरी असते, आणि गाडी बदलण्याचे प्रसंगही कमी येतात.

नकाशाबद्दलची दुसरी सावधगिरी अंतराविषयी आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेक यांनी आखलेला नकाशा १९३३ साली प्रवाशांच्या हाती आला. सरळ रेषा, ठरावीक कोन आणि जवळपास समान अंतरावरची स्थानके ही त्याची पद्धत नंतर जगभर उचलली गेली. गाडीत बसलेल्या माणसाला स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलण्याची जागा एवढेच हवे असते, त्यामुळे ही पद्धत योग्यच आहे. पण ती पायी चालणाऱ्यासाठी नाही. लंडनमध्येच लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्थानकांमधले अंतर सुमारे २६० मीटर आहे. फलाटावर उतरणे, गाडीची वाट पाहणे आणि पुन्हा वर येणे यापेक्षा चालत गेलेले केव्हाही लवकर. म्हणून मेट्रोचा नकाशा आणि रस्त्यांचा खरा नकाशा शेजारी ठेवूनच दिवस आखावा. दोन स्थानकांच्या प्रवासासाठी एक बदल करावा लागत असेल तर आधी पायी अंतर पाहावे.

आता भाडे. पाहुण्यांना दंड होतो तो बहुधा येथेच, आणि त्यामागे लबाडी नसते, तर पद्धतीचे अज्ञान असते. शहर कोणतेही असो, पोहोचण्यापूर्वी तीन गोष्टी जाणून घ्याव्यात: पैसे कशाने घेतले जातात, तिकीट कोणत्या क्षणापासून वैध होते, आणि उतरतानाही काही करावे लागते का.

पहिल्या गोष्टीत अलीकडे मोठी सोय झाली आहे. हाँगकाँगमध्ये १९९७ साली ऑक्टोपस, टोकियोत २००१ साली सुइका आणि लंडनमध्ये २००३ साली ऑयस्टर अशी, आधी पैसे भरून ठेवून यंत्राला लावायची कार्डे आली. नंतर लंडनच्या बसमध्ये २०१२ पासून आणि भुयारी रेल्वेत २०१४ पासून साधे बँक कार्डच यंत्राला लावून जाता येऊ लागले, आणि अनेक शहरांनी तोच मार्ग धरला. जेथे ही सोय आहे तेथे वेगळे कार्ड काढण्याची गरज बहुधा उरत नाही. फक्त बँकेकडून परदेशातील व निःस्पर्श (कार्ड नुसते यंत्राला लावून होणारे, ‘कॉन्टॅक्टलेस’) व्यवहार आधीच सुरू करून घ्यावेत आणि परकीय चलनावर ती किती शुल्क लावते ते विचारावे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. दिवसभर एकच साधन वापरावे. फोनमधले कार्ड आणि पाकिटातले तेच कार्ड यांना यंत्रणा दोन वेगळी साधने समजते, त्यामुळे सकाळी फोन आणि संध्याकाळी कार्ड लावले तर प्रवास जुळत नाहीत आणि दिवसाच्या कमाल मर्यादेचा, म्हणजे ठरावीक रकमेनंतर त्या दिवशी आणखी भाडे न कापले जाण्याचा, फायदाही हातचा जातो. वडिलांसाठी स्वतंत्र कार्ड लागेल असेच गृहीत धरावे. न्यूयॉर्कमध्ये एका कार्डाने सोबतच्यांचेही भाडे भरता येते, लंडनमध्ये प्रत्येकाला आपापले कार्ड लागते. आणि रोख रक्कम सर्वत्र चालेल असे समजू नये. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख घेतच नाहीत.

दुसरी गोष्ट कागदी तिकिटांच्या शहरांत निर्णायक असते. बर्लिन, व्हिएन्ना, प्राग अशा शहरांच्या मेट्रोत तिकीट तपासून आत सोडणारी फाटकेच नाहीत. माणूस सरळ फलाटावर जातो आणि कोणी अडवत नाही, म्हणून पाहुण्याला वाटते की सारे विश्वासावर चालले आहे. प्रत्यक्षात साध्या वेशातले तपासनीस गाडीत चढतात. अशा ठिकाणी तिकीट विकत घेणे पुरेसे नसते. ते फलाटावरच्या, प्रवेशद्वारावरच्या किंवा बस-ट्राममधल्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. खिशात कोरे तिकीट असणे म्हणजे तिकीट नसणेच, आणि ‘आम्ही पाहुणे आहोत’ हे उत्तर तपासनिसाने दिवसभरात अनेकदा ऐकलेले असते. काही तिकिटे यंत्रातून निघतानाच वेळ छापून येतात, त्यांना शिक्का लागत नाही. तिकिटावर तारीख-वेळ आहे का, एवढे पाहिले की शंका मिटते.

तिसरी गोष्ट अंतरानुसार भाडे असलेल्या शहरांत येते. लंडनच्या भुयारी रेल्वेत चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड लावावे लागते, कारण त्यावरून अंतर ठरते. उतरतानाचे राहिले तर कमाल भाडे कापले जाते. त्याच शहरातल्या बसमध्ये मात्र फक्त चढताना लावायचे असते. सेऊलमध्ये २००४ साली बस आणि मेट्रोचे भाडे एकत्रित झाले, आणि तेथे बसमधून उतरतानाही कार्ड लावले तरच पुढच्या गाडीत बदलाची सवलत मिळते. फाटक नसलेल्या छोट्या स्थानकावर बाहेर पडताना यंत्र एका कोपऱ्यात खांबावर असते आणि गर्दीच्या लोंढ्यात ते सहज निसटते, हे लक्षात असू द्यावे.

पास घ्यावा का, या प्रश्नाचे उत्तर आकडेमोडीने द्यावे, उत्साहाने नव्हे. आपला एक नेहमीचा दिवस कागदावर मांडावा. मुक्कामावरून निघणे, दुपारचा एखादा टप्पा आणि परतणे असे साधारण तीन-चार प्रवास होतात. वृद्ध माणूस बरोबर असेल तर त्याहून अधिक क्वचितच होतात. एवढ्या प्रवासांचे सुटे भाडे दिवसाच्या पासपेक्षा कमी भरत असेल तर पास नको. ज्या शहरांत दिवसाची कमाल मर्यादा आपोआप लागू होते, तेथे ही चिंताच उरत नाही: ठरावीक रकमेनंतरचे प्रवास फुकट होतात आणि आधी काही ठरवावे लागत नाही. लंडनमध्ये हा दिवस पहाटे साडेचारपासून दुसऱ्या पहाटे साडेचारपर्यंत मोजतात, त्यामुळे रात्री उशिरा परतणेही त्याच दिवसात धरले जाते. संग्रहालयांच्या प्रवेशासह विकले जाणारे ‘पर्यटक पास’ मला बहुतेक वेळा पटत नाहीत, कारण ते वसूल करण्याच्या नादात माणूस दिवसात पाच ठिकाणे पाहायला धावतो. साप्ताहिक पास घेताना तो कोणत्याही दिवसापासून सात दिवस चालतो की सोमवार ते रविवार याच आठवड्याचा असतो, ते विचारून घ्यावे. गुरुवारी पोहोचणाऱ्याला दुसऱ्या प्रकारचा पास महागात पडतो. ज्येष्ठांची सवलत आणि मोफत प्रवास यांच्याबाबतही सावध राहावे. एस्टोनियातील टॅलिनमध्ये २०१३ पासून प्रवास मोफत आहे, पण तो तेथील नोंदणीकृत रहिवाशांना. उलट लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून पाहुण्यांसह सर्वांनाच देशभर तिकिटाविना जाता येते, फक्त रेल्वेच्या प्रथम वर्गाला तिकीट लागते.

विमानतळावरून शहरात येणारा पहिला प्रवास या सगळ्या नियमांना अपवाद असतो. माद्रिदच्या मेट्रोत विमानतळासाठी जादा आकार द्यावा लागतो, सिडनीच्या विमानतळ स्थानकांवरही तो वेगळा लागतो. म्हणजे शहराच्या साध्या तिकिटात हा टप्पा येतोच असे नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी एक खास जलद गाडी आणि एक साधी गाडी अशा दोन्ही असतात. जलद गाडीची जाहिरात सर्वत्र दिसते, साधीची दिसत नाही. जलद गाडी ज्या स्थानकावर सोडते तेथून मुक्कामापर्यंत पुन्हा बदल करावा लागत असेल, तर साधी गाडी तेवढ्याच वेळात आणि कमी खर्चात पोहोचविते. मात्र लांबच्या विमानप्रवासानंतर, रात्री उशिरा, वडील आणि दोन मोठ्या बॅगा बरोबर असताना पहिल्या दिवशी टॅक्सी घेतली तर त्यात काही कमीपणा नाही.

स्थानकात शिरल्यावर दिशा ओळखणे हे एकच कौशल्य लागते. पॅरिससह पुष्कळ शहरांत फलाटावर दिशा म्हणून लाइनचे शेवटचे स्थानक लिहिलेले असते, आपले स्थानक नव्हे. म्हणून आपल्या बाजूच्या टोकाचे नाव आधीच लिहून ठेवावे. न्यूयॉर्कमध्ये अनेक स्थानकांना दोन दिशांची दोन वेगळी प्रवेशद्वारे असतात आणि आतून पलीकडे जाता येत नाही, तेव्हा पायऱ्या उतरण्यापूर्वीच फलक वाचावा लागतो. तेथेच एका फलाटावर सर्व स्थानकांवर थांबणाऱ्या आणि मधली स्थानके गाळणाऱ्या गाड्या येतात. दुसरा चकवा फाट्यांचा. पॅरिसच्या विमानतळाकडे जाणारी ‘बी’ लाइन उत्तरेकडे दोन फाट्यांत विभागते आणि एकच फाटा विमानतळाला जातो. लंडनची नॉर्दर्न लाइन मध्य भागातच दोन वाटांनी जाते. लाइनचा रंग बरोबर असूनही गाडी चुकीची असू शकते. लिपी अपरिचित असेल तर अंक हा मोठा आधार असतो: टोकियोच्या मेट्रोत २००४ पासून प्रत्येक स्थानकाला लाइनचे अक्षर आणि क्रमांक आहे, आणि मेक्सिको सिटीत तर प्रत्येक स्थानकाला स्वतःचे चित्र आहे. मॉस्कोची युक्ती मला विशेष आवडते. तेथे शहराच्या केंद्राकडे जाणाऱ्या गाडीत पुरुषाच्या आवाजात घोषणा होतात आणि केंद्रापासून दूर जाणाऱ्या गाडीत स्त्रीच्या. मोठ्या स्थानकांत बाहेर पडण्याच्या दाराचा क्रमांकही स्थानकाच्या नावाइतकाच महत्त्वाचा समजावा. चुकीच्या दाराने बाहेर पडल्यास रुंद रस्त्याच्या भलत्या बाजूला निघून दहा मिनिटे वाया जातात.

वडिलांच्या दृष्टीने पाहिल्यास प्रश्न अंतराचा नसून जिन्यांचा आहे. जुन्या मेट्रोंमध्ये लिफ्ट अभावानेच सापडते. पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली आणि तिच्या बहुतेक स्थानकांत आजही पायऱ्याच चढाव्या लागतात. १९९८ साली सुरू झालेली चौदा क्रमांकाची लाइन हा तेथला अपवाद. १९८७ साली सुरू झालेल्या सिंगापूरच्या मेट्रोत सर्व स्थानकांत लिफ्ट आहे. म्हणजे शहर किती श्रीमंत आहे यापेक्षा त्याची मेट्रो किती जुनी आहे हे येथे अधिक बोलके ठरते. बहुतेक मोठ्या सेवा पायऱ्यांविना जाता येणाऱ्या स्थानकांचा वेगळा नकाशा देतात, तो छापून बरोबर ठेवावा. ॲपने सुचविलेला सर्वांत जलद मार्ग अनेकदा दोन बदलांचा असतो. त्याऐवजी दहा मिनिटे जास्त लागली तरी एका गाडीत बसून जाता येईल असा मार्ग निवडावा. एका मोठ्या स्थानकातला बदल म्हणजे कधी कधी जिने आणि लांबलचक बोगदे मिळून पाच-सहाशे मीटरची चाल असते, आणि ती नकाशावर एका ठिपक्यात लपलेली असते.

याच कारणासाठी बसची बाजू मला आवर्जून मांडावीशी वाटते. पाहुणे मेट्रोवर विश्वास ठेवतात आणि बसला घाबरतात, कारण रूळ दिसतात आणि बसचा मार्ग दिसत नाही. पण बस आणि ट्राम पदपथावरूनच मिळते, जिने नसतात, खिडकीतून शहर दिसते आणि रस्त्यांची ओळख होते. सेऊलमध्ये मुख्य रस्त्यांवरच्या लांब पल्ल्याच्या बस निळ्या आणि मेट्रोला जोडणाऱ्या स्थानिक बस हिरव्या असतात, त्यामुळे लांबूनच मार्गाचा प्रकार कळतो. सगळे मार्ग समजून घेण्याची गरज नसते. मुक्कामाजवळून जाणारे दोन-तीन मार्ग निवडावेत, त्यांचे क्रमांक आणि जाण्या-येण्याचे दोन्ही थांबे लक्षात ठेवावेत. एकेरी रस्त्यांमुळे परतीचा थांबा पुष्कळदा पलीकडच्या समांतर रस्त्यावर असतो. कोणत्या दाराने चढायचे हे रांगेतल्या पुढच्या माणसाकडे पाहून कळते. हाँगकाँगच्या ट्राममध्ये मागून चढून उतरताना पुढे पैसे देतात, लंडनच्या बहुतेक बसमध्ये पुढूनच चढतात. उतरण्यापूर्वी घंटीचे बटण दाबावे लागते, हेही विसरू नये.

शेवटच्या गाडीची चौकशी दररोज सकाळीच करावी. न्यूयॉर्कची मेट्रो रात्रभर चालते, पण हा अपवाद आहे. टोकियोत मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या थांबतात आणि पहाटेपर्यंत सुरू होत नाहीत. लंडनमध्ये २०१६ पासून काही लाइन शुक्रवार-शनिवारी रात्रभर धावतात, इतर रात्री नाही. बदल करून जायचे असेल तर पहिल्या लाइनची शेवटची गाडी पकडून उपयोग नसतो; दुसऱ्या लाइनची शेवटची गाडी गाठता येईल अशा वेळी निघावे लागते. रात्रीच्या बस बहुधा वेगळ्या क्रमांकांनी आणि वेगळ्या वाटांनी धावतात. शनिवार-रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी लाइनचे तुकडे बंद ठेवण्याची पद्धतही अनेक शहरांत आहे, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी त्या सेवेच्या संकेतस्थळावरील सूचना वाचून ठेवावी.

ॲपविषयी थोडेसे. पोर्टलंड शहराच्या वाहतूक संस्थेने २००५ साली गूगलबरोबर वेळापत्रकांची एक समान रचना तयार केली. आज जगभरच्या सेवा आपली माहिती त्याच साच्यात देतात, म्हणून एकच ॲप शंभर शहरांत चालते. परंतु त्यात दिसणारी वेळ छापील वेळापत्रकातली आहे की प्रत्यक्ष धावणाऱ्या गाडीची, हे पाहणे आवश्यक असते. थेट माहितीला बहुधा वेगळा रंग किंवा लहरीसारखे चिन्ह असते. ते नसेल तर ‘तीन मिनिटांत बस’ हे केवळ वेळापत्रकाचे म्हणणे समजावे. मुक्कामाचा परिसर इंटरनेटशिवाय उघडेल असा उतरवून घ्यावा, आणि मुक्कामाचा पत्ता स्थानिक लिपीत लिहिलेला कागद वडिलांच्या खिशात असू द्यावा. गर्दीत दोघांची ताटातूट झाली तर काय करायचे तेही आधी ठरवावे. गाडीत चढलेल्याने पुढच्या स्थानकावर उतरून फलाटावरच थांबायचे आणि मागे राहिलेल्याने पुढच्या गाडीने यायचे, हा नियम सर्वांत सोपा आहे. मात्र पुढे येणारी गाडी मधली स्थानके गाळणारी नाही, एवढे पाहूनच तिच्यात चढायचे.

दिवसाची सुरुवात सकाळी साडेनऊनंतर केली तर नोकरदारांची मुख्य गर्दी ओसरलेली असते, वडिलांना बसायला जागा मिळते, आणि ज्या सेवांमध्ये गर्दीच्या वेळेचे भाडे जास्त असते तेथे खर्चही कमी होतो. परतीच्या दिवशी कार्डातील शिल्लक रक्कम आणि अनामत परत मिळते का, ती कोणत्या खिडकीवर मिळते आणि ती खिडकी विमानतळावर आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. पहाटेचे विमान असेल तर त्या वेळी पहिली गाडी बहुधा सुटलेलीच नसते, आणि मग टॅक्सी आदल्या रात्रीच ठरवून ठेवणे भाग असते.